नूट रॉकनी आणि त्यांची सात खेचरे

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील साऊथ बेंड शहराला लागून नोत्र दाम विद्यापीठ आहे. पवित्र मरियेच्या नावाने १८४२ साली फादर एडवर्ड सोरिन यांनी त्याची स्थापना केली. फादर सोरिन हे होली क्रॉस संघाचे धर्मगुरू. याच संघाचे मिशनरी १८५३ साली बंगालमध्ये सेवेसाठी आले, एवढे सांगितले म्हणजे हे नाव आमच्या वाचकांना अगदीच परके वाटू नये. अमेरिकन लोक त्याचा उच्चार नोटर डेम असा करतात. आम्ही येथे मूळ फ्रेंच उच्चार ठेवला आहे.

हे विद्यापीठ अमेरिकेच्या घराघरांत पोहोचविले ते एका फुटबॉल प्रशिक्षकाने. नूट रॉकनी हे त्यांचे नाव. १९१८ ते १९३० या तेरा हंगामांत त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडविले. पाच हंगाम तर असे गेले, की त्यांत ना पराभव झाला ना बरोबरी. रॉकनी यांच्या निधनाला नव्वदहून अधिक वर्षे लोटली आहेत आणि या काळात त्यांच्यावर विपुल लेखन झाले आहे. १९४० साली त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटात पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रीगन यांनी जॉर्ज गिप या खेळाडूची भूमिका केली होती. मात्र या साऱ्या लेखनात कौतुक होते ते चेंडू घेऊन धावणाऱ्या ताऱ्यांचे आणि रॉकनी यांच्या आवेशपूर्ण भाषणांचे. ज्यांच्या खांद्यांवर हे तारे उभे राहिले, त्या आघाडीच्या फळीतील मुलांची निवड रॉकनी कशी करीत आणि ती निवड कितपत खरी ठरली, हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. प्रशिक्षकाची खरी पारख तेथेच होते, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे फुटबॉल म्हटला की पायाने खेळावयाचा खेळ डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन फुटबॉल निराळा. त्यात लांबट चेंडू हाती धरून धावावयाचे किंवा तो पुढे फेकावयाचा, आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्याला जमिनीवर पाडावयाचे. अकरा जणांपैकी सात जण अगदी पुढे, प्रतिपक्षाच्या समोरासमोर, एका ओळीत वाकून उभे राहतात. मधला तो सेंटर. तो आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे देतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल आणि दोन टोकांना एण्ड. मागे चौघे असतात. चेंडू त्यांच्या हाती जातो, गुण बहुधा ते मिळवितात, आणि वृत्तपत्रांत छायाचित्रही त्यांचेच छापून येते. पुढच्या सातांचे, विशेषतः मधल्या पाचांचे काम म्हणजे समोरच्याला अंगाने अडवून मागच्यांसाठी वाट मोकळी करणे. कबड्डीत चढाईवीराचे नाव सर्वांच्या तोंडी असते, साखळी धरणाऱ्यांचे फारसे कोणी विचारीत नाही, तसेच हे. त्यातून रॉकनी यांच्या काळात बदली खेळाडूंवर कडक बंधने होती. चढाईत जो फळीत उभा राही, त्यालाच बचावातही उभे राहावे लागे. डोक्यावर चामड्याची टोपी, तासभर धक्के खायचे आणि द्यायचे, आणि चेंडूला हात लागण्याची आशा जवळजवळ नाही. अशा कामासाठी कोणता मुलगा निवडावा?

रॉकनी यांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याची मुळे त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात आहेत. ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस या गावी त्यांचा जन्म झाला. वडील लार्स हे घोडागाड्या बनविणारे कुशल कारागीर. नूट पाच वर्षांचे असताना हे कुटुंब शिकागोला येऊन स्थायिक झाले. घराणे ल्यूथरपंथीय. शिक्षण मध्येच राहिले आणि नूट यांनी काही वर्षे शिकागोच्या टपाल खात्यात नोकरी केली. पैसा साठवून १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी नोत्र दाममध्ये नाव घातले. कॅथलिक विद्यापीठात प्रॉटेस्टंट, देशात स्थलांतरित, वर्गात सर्वांहून मोठा आणि मैदानावर अंगाने लहानखुरा, असा हा विद्यार्थी होता. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

अभ्यासात ते अतिशय हुशार. रसायनशास्त्र हा त्यांचा आवडता विषय. ज्यांच्या ॲसिटिलीन वायूवरील संशोधनातून पुढे कृत्रिम रबर तयार झाले, ते फादर ज्युलियस न्यूलँड त्यांचे गुरू होते. १९१४ साली रॉकनी उच्च श्रेणीत पदवीधर झाले आणि तेथेच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करू लागले. खेळात ते एण्ड, म्हणजे फळीच्या टोकाचे. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा बलाढ्य संघ नोत्र दामने ३५-१३ असा हरविला, तेव्हा गस डोरे यांनी चेंडू लांब फेकावा आणि रॉकनी यांनी तो धावता धावता झेलावा, हे दृश्य पूर्वेकडील प्रेक्षकांना नवे होते. त्यानंतर चार वर्षे ते जेसी हार्पर यांचे साहाय्यक राहिले आणि १९१८ साली मुख्य प्रशिक्षक झाले.

आज अमेरिकेत खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन विद्यापीठे त्यांना उघडपणे आपल्याकडे ओढतात. तेव्हा तशी पद्धत नव्हती. खेळाबद्दल पैसा देणे गैर मानले जाई. भोजनगृहात वाढप्याचे काम, आवारातील साफसफाई, अशी कामे देऊन गरीब मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय लावली जाई. ही कामे कधी खरी असत, कधी नावापुरती. सारीच विद्यापीठे या बाबतीत डोळे अर्धवट मिटून घेत, आणि नोत्र दाम त्याला अपवाद होते असे आम्ही म्हणणार नाही. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानने महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या साऱ्या प्रकाराची झाडाझडती घेतलेली आहे.

रॉकनी यांचे खरे भांडवल म्हणजे माजी विद्यार्थी. नोत्र दामचा मुलगा पदवी घेऊन एखाद्या गावच्या शाळेत प्रशिक्षक होई आणि तेथला होतकरू मुलगा त्याच्या शिफारशीवर साऊथ बेंडची आगगाडी पकडी. ग्रीन बे येथील कर्ली लॅम्बो हे १९१८ साली रॉकनी यांच्या हाताखाली खेळलेले. त्यांचा विद्यार्थी जिम क्रौली नोत्र दामला आला. साऊथ डकोटातील विनर या आडगावी अर्ल वॉल्श हे नोत्र दामचे जुने खेळाडू प्रशिक्षक होते. त्यांच्याकडून फ्रँक लीही आला. मिशिगनच्या तांब्याच्या खाणींच्या मुलुखातील जॉर्ज गिप यांच्या शब्दावर त्यांच्याच परिसरातील हार्टली अँडरसन आला, ज्याला पुढे सारे जग हंक अँडरसन म्हणून ओळखू लागले. शिवाय रॉकनी उन्हाळ्यात ठिकठिकाणी प्रशिक्षकांसाठी वर्ग घेत. तेथे येणारे शिक्षक त्यांचे चाहते बनत आणि चांगला मुलगा दिसला की आपणहून कळवीत. देशभरच्या कॅथलिक शाळांचाही या जाळ्याला मोठा आधार होता.

म्हणून अमुक खेळाडू रॉकनी यांनी शोधून आणला, असे म्हणताना थोडे जपून म्हटले पाहिजे. मुलगा पुष्कळदा दुसऱ्याच्या शब्दावर किंवा आपल्याच पायांनी येई. रॉकनी यांची निवड त्यानंतर, सरावाच्या मैदानावर सुरू होई. आणि तेथे त्यांचा मापदंड प्रचलित मापदंडाहून फार वेगळा होता.

फळीसाठी धिप्पाड मुले हवीत, असा सर्वत्र समज होता. रॉकनी यांनी तो मानला नाही. त्यांची खेळण्याची पद्धतच वेगावर उभी होती. चेंडू सुटण्यापूर्वी मागचे चौघे एकदम जागा बदलीत आणि प्रतिपक्ष सावरण्यापूर्वी चढाई सुरू होई. अशा चढाईत समोरच्या गड्याला लोळविण्याची गरज नसते. त्याला क्षणभर अडविले, खांद्याने हलकेच बाजूला सारले, की धावणारा निघून गेलेला असतो. ती नेमकी वेळ साधण्यासाठी बळापेक्षा चपळाई आणि बुद्धी लागते. कोन, अंतर आणि क्षण यांचा हा हिशेब रसायनशास्त्राच्या शिक्षकाला सुचावा, यात नवल नाही. त्यामुळे इतरांनी लहान म्हणून नाकारलेली मुले रॉकनी यांना चालत.

हंक अँडरसन हे त्याचे पहिले ठळक उदाहरण. १९१८ ते १९२१ अशी चार वर्षे ते गार्ड म्हणून खेळले. अंगाने ते काही राक्षस नव्हते, परंतु चेंडू सुटताच समोरच्याच्या छातीवर आदळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १९२१ साली पर्ड्यूविरुद्ध त्यांनी प्रतिपक्षाचे फटके अडवून स्वतः दोनदा गुणरेषा गाठली. गार्डच्या वाट्याला असा दिवस सहसा येत नाही. त्याच काळात टॅकलच्या जागी बक शॉ आणि एण्डच्या जागी एडी अँडरसन होते. एडी पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले आणि रुग्णसेवा सांभाळून आयोवा व होली क्रॉस येथे प्रशिक्षकही राहिले.

मात्र रॉकनी यांच्या निवडीची खरी कसोटी १९२४ साली लागली. त्या वर्षीच्या मागच्या चौघांची नावे अमेरिकन क्रीडाप्रेमींना आजही पाठ असतात : हॅरी स्टुलड्रेहर, जिम क्रौली, डॉन मिलर आणि एल्मर लेडन. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांनी लष्करी अकादमीला १३-७ असे हरविले. तेव्हा ग्रँटलंड राइस या पत्रकाराने प्रकटीकरणाच्या ग्रंथातील चार घोडेस्वारांची उपमा त्यांना दिली. लगोलग या चौघांना खरोखरच घोड्यांवर बसवून छायाचित्र काढण्यात आले आणि ते देशभर छापले गेले.

घोडेस्वारांपुढे जे सात जण वाकून उभे होते, त्यांना नाव पडले सात खेचरे. नाव थट्टेचे, पण त्या मुलांनी ते अभिमानाने मिरविले. सेंटरच्या जागी संघनायक ॲडम वॉल्श. गार्ड नोबल काइझर आणि जॉन वायबेल. टॅकल जो बाख आणि एडगर मिलर, ज्यांना रिप म्हणत. एण्ड चक कॉलिन्स आणि एड हंटसिंगर. ही नावे आम्ही मुद्दाम सविस्तर दिली आहेत, कारण ती फारशी कोणी देत नाही. वॉल्श कॅलिफोर्नियाचे, काइझर इंडियानाचे, मिलर ओहायोचे, बाख मिनेसोटाचे, कॉलिन्स इलिनॉयचे आणि वायबेल पेनसिल्व्हेनियाचे. रॉकनी यांचे माजी विद्यार्थ्यांचे आणि चाहत्यांचे जाळे किती दूरवर पसरले होते, हे एवढ्यावरून ध्यानी यावे. त्या काळी बहुतेक विद्यापीठे आपल्या आसपासच्या मुलांवर भागवीत असत.

त्यांतील काइझर यांची कथा बोलकी आहे. ते नोत्र दामला आले बास्केटबॉल खेळण्याच्या इच्छेने. रॉकनी यांनी त्यांना हेरले आणि गार्डच्या जागी उभे केले. वजन जेमतेम ७५ किलो. सातांपैकी सर्वांत जड खेळाडूही ९० किलोंपर्यंत पोहोचत नव्हता. आज अमेरिकन विद्यापीठांच्या फळीतील मुले १३५ किलोंच्याही वर असतात, हे लक्षात घेतले तर ही फळी आपल्याला पोरसवदा वाटेल. त्या काळीही प्रतिपक्षाची फळी पुष्कळदा तिच्याहून जड असे. मग रॉकनी यांनी काय करावे? सामन्याच्या आरंभी ते दुसऱ्या क्रमांकाचा पूर्ण संघ मैदानात उतरवीत. त्या मुलांनी गुण मिळवावेत अशी अपेक्षा नसे. प्रतिपक्षाला दमवावे, एवढेच त्यांचे काम. प्रतिपक्षाचा घाम निघाला की मग घोडेस्वार आणि खेचरे ताज्या दमाने आत येत. या दुसऱ्या फळीतील मुलांची नावे तर खेचरांइतकीही कोणाला माहीत नाहीत. तरीही वर्षामागून वर्षे त्या कामासाठी मुले मिळत राहिली, ही गोष्ट रॉकनी यांच्या खाती आम्ही मोठ्या जमेची मानतो.

१८ ऑक्टोबरच्या त्या प्रसिद्ध सामन्यात घोडेस्वार गाजले, परंतु त्या दिवशीची खरी कथा ॲडम वॉल्श यांची. त्यांच्यासमोर लष्करी अकादमीचा एडगर गार्बिश हा नामांकित सेंटर उभा होता. वॉल्श यांच्या एका हाताचे हाड आधीच मोडलेले. सामना चालू असताना दुसऱ्या हातालाही दुखापत झाली. सेंटरचे सारे काम हातांचे. चेंडू त्यानेच प्रत्येक वेळी मागे द्यावयाचा असतो. वॉल्श बाहेर गेले नाहीत. चेंडू मागे देण्यात चूक झाली नाही, आणि अखेरीस प्रतिपक्षाने फेकलेला एक चेंडूही त्यांनी त्याच हातांनी झेलला.

घोडेस्वार श्रेष्ठ की खेचरे, यावर संघात एकदा मतदान झाले आणि खेचरे सात विरुद्ध चार अशा मतांनी निवडून आली, अशी एक गोष्ट सांगितली जाते. दुसरीही एक गोष्ट आहे : घोडेस्वारांच्या डोक्यात हवा गेली आहे असे वाटून रॉकनी यांनी एका सामन्यात त्यांना कच्च्या फळीमागे खेळविले, चौघांना एक पाऊलही पुढे सरकता येईना, मग खेचरे आत आली आणि सारे सुरळीत झाले. या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या गेल्या असतील. पण कोणत्या संघात अशा गोष्टी जन्म घेतात, हेही पाहण्यासारखे आहे.

१ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात रोज बोल सामन्यात स्टॅनफर्डला २७-१० असे हरवून नोत्र दामने दहापैकी दहा विजय पुरे केले. हे यश साध्या वर्षातले नव्हते. स्थलांतरित आणि कॅथलिक यांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेचा इंडियाना राज्यात तेव्हा मोठा जोर होता. मे १९२४ मध्ये साऊथ बेंडमध्ये क्लॅनचे लोक जमले असता नोत्र दामच्या विद्यार्थ्यांशी त्यांची रस्त्यावर चकमक उडाली होती. मध्य-पश्चिमेच्या मोठ्या विद्यापीठांनी आपल्या परिषदेत नोत्र दामला प्रवेश नाकारला होता, आणि त्यामागे धर्मद्वेषाचाही वाटा होता असे इतिहासकार मानतात. शेजारची विद्यापीठे खेळत नाहीत, म्हणून रॉकनी यांनी संघ देशभर फिरविला. संघ जेथे जाई, तेथील कॅथलिक श्रमिक आपल्याच घरचा संघ म्हणून त्याला पाहावयास येत, आणि त्यांच्या मुलांना नोत्र दामची ओढ लागे. दार बंद करणाऱ्यांनी नकळत रॉकनी यांची निवडीची कक्षाच वाढविली.

विशेष म्हणजे हे सारे होईपर्यंत रॉकनी स्वतः कॅथलिक नव्हते. पत्नी बॉनी आणि मुले कॅथलिक. खेळाडू सामन्याच्या सकाळी, प्रवासातही, लवकर उठून मिस्साला जात आणि ख्रिस्तशरीर स्वीकारीत. प्रशिक्षक मात्र बाहेर थांबत. हे दृश्य पाहता पाहता त्यांचे मन वळले, असे सांगितले जाते. २० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठाच्या आवारातील ओंडक्यांच्या चॅपेलमध्ये फादर व्हिन्सेंट मूनी यांच्या हस्ते त्यांचा स्नानसंस्कार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या लहान मुलाबरोबर प्रथमच ख्रिस्तशरीर स्वीकारले. त्याच दुपारी नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या सामन्यात मध्यंतरापर्यंत संघ ०-१० असा मागे होता. शेवटी तो १३-१० असा जिंकला. ज्या मुलांना त्यांनी निवडले, त्यांनीच त्यांना ख्रिस्तसभेच्या दारापर्यंत आणले, असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून रॉकनी यांचे संतचरित्र रचण्याचा मोह कोणाला होईल, तर त्याने पुढचेही वाचावे. स्नानसंस्कारानंतर महिनाही झाला नव्हता, तोच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी मोठ्या वेतनावर त्यांचा करार झाल्याची बातमी फुटली आणि त्यांना माघार घ्यावी लागली. २७ नोव्हेंबर १९२६ रोजी कार्नेगी टेकविरुद्धचा सामना सोपा समजून ते संघ हंक अँडरसन यांच्या हाती सोपवून शिकागोला दुसराच सामना पाहावयास गेले आणि नोत्र दाम ०-१९ असे हरले. त्या वर्षातला तो एकमेव पराभव.

आणि १९२८ साल. पाच विजय, चार पराभव. रॉकनी यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दुबळा हंगाम. तरीही लोकांच्या स्मरणात हेच वर्ष अधिक राहिले, कारण १० नोव्हेंबर रोजी लष्करी अकादमीविरुद्धच्या सामन्यात रॉकनी यांनी दिवंगत गिप यांच्या अखेरच्या इच्छेची आठवण देऊन मुलांना पेटविले आणि सामना १२-६ असा जिंकला. गिप यांनी १९२० साली मृत्युशय्येवर खरोखरच तशी इच्छा व्यक्त केली होती काय, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. ती बाजूला ठेवली तरी भाषणाने एक सामना जिंकला, हंगाम नव्हे. हंगाम फिरला तो पुढच्या वर्षी, आणि तो फळीने फिरविला.

१९२९ च्या फळीत गार्ड म्हणून जॅक कॅनन आणि संघनायक जॉन लॉ, सेंटर टिम मॉयनिहन, टॅकल टेड ट्वोमी आणि फ्रँक लीही अशी मुले होती. त्यांतील अनेक जण आदल्या वर्षीच्या पडत्या संघातही होते. रॉकनी यांनी त्यांना टाकले नाही. कॅनन तर डोक्यावर टोपीही न घालता खेळत. त्या वर्षी नवे मैदान बांधून व्हावयाचे असल्याने सारे सामने परक्या मैदानांवर झाले. रॉकनी पायांच्या शिरांच्या विकाराने अंथरुणाला खिळले होते आणि पुष्कळसा भार टॉम लीब यांनी वाहिला. लीब हेही रॉकनी यांच्याच फळीतले जुने टॅकल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी थाळीफेकीत कांस्यपदक मिळविले होते. नऊपैकी नऊ सामने जिंकले. प्रशिक्षक मैदानावर नसताना संघ अपराजित राहतो, तेव्हा त्याने माणसे निवडताना चूक केली नव्हती, याला आणखी पुरावा तो कोणता?

१९३० साली गार्डच्या जागी बर्ट मेट्झगर हा शिकागोचा मुलगा होता. वजन सुमारे ६९ किलो. एवढ्या अंगाच्या मुलाला गार्ड म्हणून उभे करणे त्या काळीही वेडेपणाचे मानले जाई. त्या वर्षी संघ दहाही सामने जिंकला आणि मेट्झगर देशातील सर्वोत्तम गार्डांमध्ये गणले गेले.

फळीतील मुलांचे मोल मैदानावर मोजता येते, पण आम्हांला त्यांच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब अधिक विश्वासार्ह वाटतो. सात खेचरांपैकी किमान पाच जण मुख्य प्रशिक्षक झाले. वॉल्श यांनी १९४५ साली क्लीव्हलँड रॅम्स या व्यावसायिक संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. काइझर यांनी पर्ड्यूचा संघ घडविला. १९४० साली अकाली मृत्यूने त्यांना गाठले. मिलर ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत आयुष्यभर रमले. बाख पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाचे दोनदा प्रशिक्षक झाले, कॉलिन्स नॉर्थ कॅरोलायनाचे. बक शॉ यांनी १९६० साली फिलाडेल्फियाला विजेतेपद मिळवून दिले. जॉन लॉ यांची वाट सर्वांहून वेगळी : १९३० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगातील कैद्यांच्या फुटबॉल संघाला ते शिकवीत होते.

लीही यांच्याविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. १९३० साली गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचे खेळणे संपले. त्याच सुमारास रॉकनी उपचारासाठी रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये निघाले होते; त्यांनी लीहींना सोबत नेले आणि दोघे एकाच खोलीत राहिले. त्या खोलीत गुरूने शिष्याला प्रशिक्षकपदाची वाट दाखविली. पुढे न्यूयॉर्कच्या फोर्डम या जेझुइट विद्यापीठात जिम क्रौली मुख्य प्रशिक्षक आणि लीही फळीचे प्रशिक्षक झाले. एक जुना घोडेस्वार, एक जुना टॅकल. त्यांनी घडविलेली १९३६ ची फळी ग्रॅनाइटचे सात चिरे या नावाने गाजली आणि त्यातला एक चिरा म्हणजे व्हिन्स लोंबार्डी, ज्यांचे नाव पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वोच्च चषकाला दिले गेले. १९४१ मध्ये लीही नोत्र दामला परतले आणि त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली.

असे असले तरी रॉकनी यांच्या जाळ्याला एक मोठे छिद्र होते आणि त्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. निरनिराळ्या राज्यांतून मुले आली, आयरिश, पोलिश, इटालियन, जर्मन घरांतून आली. पण त्या सर्व वर्षांत एकही कृष्णवर्णीय मुलगा त्या फळीत उभा राहिला नाही. नोत्र दामने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९४४ साली, रॉकनी यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. ही विद्यापीठाची रीत होती, प्रशिक्षकाच्या हाती ती नव्हती, असे म्हणता येईल. तथापि १९२४ नंतर विद्यापीठात रॉकनी यांच्या शब्दाला जेवढे वजन होते, तेवढे क्वचितच कोणाच्या शब्दाला असेल. क्लॅनच्या द्वेषाचे चटके सोसलेल्या विद्यापीठाकडून आणि स्वतः दाराबाहेर उभे राहिलेल्या माणसाकडून अधिक अपेक्षा करावी, हे आम्हांला अन्यायाचे वाटत नाही.

३१ मार्च १९३१, पवित्र सप्ताहातील मंगळवार. रॉकनी कॅन्सस सिटीहून विमानाने लॉस एंजेलिसला एका चित्रपटाच्या कामासाठी निघाले. कॅन्सस राज्यातील बझार या खेड्याजवळ विमानाचा लाकडी पंख मोडला आणि आतील आठही जण मृत्युमुखी पडले. रॉकनी ४३ वर्षांचे होते. या अपघातानंतर अमेरिकेत लाकडी पंखांची प्रवासी विमाने मागे पडली आणि धातूची विमाने आली. देशाला एवढा मोठा धक्का बसला होता. ४ एप्रिल, पवित्र शनिवार. त्या दिवशी अंत्यविधीचा मिस्सा होत नसतो; सेक्रेड हार्ट चर्चमध्ये प्रार्थनाविधी झाला. नॉर्वेच्या राजाने आपला प्रतिनिधी पाठविला होता.

शवपेटीला सहा खेळाडूंनी खांदा दिला. त्यांतील चौघे मागच्या ओळीचे तारे होते : कॅरिडिओ, श्वार्ट्झ, ब्रिल आणि मलिन्स. दोघेच फळीतले : संघनायक एण्ड टॉम कॉनली आणि सेंटर टॉमी यार. यार हे वॉशिंग्टन राज्यातील, आईवडिलांकडून आदिवासी अमेरिकन वंशाचा वारसा लाभलेले. त्या शरद ऋतूत नोत्र दामचा संघ पुन्हा मैदानात उतरला, तेव्हा यार संघनायक होते आणि रॉकनी यांच्या जागी हंक अँडरसन उभे होते.